तिळूचं पाणी

हॅमस्टर आजारी पडला तरी ओरडत नाही, लंगडत नाही, कण्हत नाही. जे प्राणी दुसऱ्या कुणाचं भक्ष्य असतात ते दुखणं अंगावर काढतात. माळरानावर जो थकलेला दिसला त्याला घुबडाने उचलला. म्हणून अगदी शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखं वागायचं, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. अशा जिवाला सांभाळायचं तर नुसतं त्याच्याकडे पाहून भागत नाही. त्याच्या भोवतालचं पाहावं लागतं. बाटलीतलं पाणी किती उतरलं, भुसा कुठे ओला आहे, वाटीत कोणते दाणे उरले, रात्री चाक किती वेळ फिरत होतं.

आमच्या तिळूचं आधी पाणी बदललं. त्याचं वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. हॅमस्टर शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण दहा मिली पाणी पितो, म्हणजे तिळूला चार-पाच मिली पुरे. मी बाटलीवर पेनाने रेघ ओढून पाहायला लागले, तर सकाळपर्यंत पाणी त्याच्या चौपट उतरलेलं असायचं. भुसा ओला, आणि ओल्या भुशाला गोडसर वास. मी सुरतेतल्या गोडादऱ्यात महाराणा प्रताप चौकाजवळच्या एका मेडिकलमध्ये काम करते. साखरेच्या गोळ्यांची पाकिटं दिवसभर हातातून जातात. ही तहान कसली, ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.

लघवीतली साखर पाहायची पट्टी आमच्या दुकानात माणसांसाठी येते. टोकाला दोन चौकोन असतात, एक साखरेचा आणि एक कीटोनचा. तिळूला धुऊन कोरड्या केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचं. नवी जागा दिसली की हॅमस्टर बहुधा तिथे थेंबभर लघवी करतो. मग त्याला ओंजळीत उचलून पिंजऱ्यात सोडायचं, तो थेंब बिनसुईच्या सिरिंजने ओढून चौकोनांवर टाकायचा आणि घड्याळाकडे बघत थांबायचं. साखरेचा चौकोन फिक्या निळ्यापासून हिरव्याकडे आणि हिरव्यापासून तपकिरीकडे जातो. तिळूचा चौकोन बघता बघता तपकिरी झाला. माय शेजारी बसून साडीचे धागे कापत होती. तिने कात्री खाली ठेवली.

"त्याले बी साखर शे का?"

मायला स्वतःला कित्येक वर्षांची साखर आहे. त्या दिवसापासून तिने तिळूला उंदीर म्हणणं सोडलं.

सुरतेत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, गाईम्हशींचेही आहेत. एवढ्याशा प्राण्याला हात लावणारे थोडे. तापीपलीकडे अडाजणला एक मिळाले. त्यांनी तिळूला तळहातावर घेतलं, पोट बोटाने चाचपलं, डोळ्यांत बारीक टॉर्च मारून पाहिलं, आणि सरळ सांगितलं की हा बरा होणार नाही, पण सांभाळता येईल. इन्सुलिनचा हिशेब एवढ्या लहान अंगात बसवणं फार धोक्याचं. एका युनिटच्या बारीकशा अंशानेही साखर एकदम खाली जाऊ शकते. तेव्हा खाणं, पाणी, चाक आणि लक्ष. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात 'ड्वार्फ' म्हणून जे बुटके हॅमस्टर विकतात त्यांत कॅम्पबेलचा हॅमस्टर किंवा त्याचा संकर बराच असतो. चार्ल्स विल्यम कॅम्पबेल यांनी १९०२ मध्ये मंगोलियात तो पहिल्यांदा पकडला, म्हणून त्यांचं नाव. कोरड्या, गवताळ, अर्धवाळवंटी मुलखातला हा प्राणी रात्री मैलभर हिंडून मूठभर बिया मिळवणारा. या जातीत मधुमेहाची ओढ आनुवंशिक आहे, आणि पिंजऱ्यात त्याला फिरायला हातभर जागा आणि खायला मधाची कांडी मिळते. माझ्या मुलाने त्याला आणला तेव्हा दुकानदाराने सोबत अशीच एक कांडी भेट दिली होती.

ती कांडी गेली, मका गेला, गाजर गेलं, केळ्याचा तुकडा गेला. त्यांच्या जागी आल्या भोपळ्याच्या बिया, जवस, थोडं ओट, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा कण, कोवळी पालेभाजी आणि मेथीचे दाणे. मधुमेही हॅमस्टर पाळणारी माणसं जगभर मेथी देतात हे मला नंतर कळलं. माय मात्र आपल्या वाटीतूनच देऊन मोकळी झाली होती. तिच्यासाठी रोज रात्री मेथी भिजते. डॉक्टरांनी थोड्या मेथीला हरकत घेतली नाही. आता रात्री दोन वाट्या भरतात, एक स्टीलची आणि एक बाटलीच्या झाकणाएवढी.

त्याचा दिवस आमच्या रात्री सुरू होतो. इथल्या लूमच्या खात्यांत बारा तासांची पाळी चालते, संध्याकाळी सातला रात्रपाळीची माणसं डबे घेऊन निघतात. माझे यजमानही त्यांत असतात. ते जिना उतरतात त्या सुमारास तिळू भुशातून नाक वर काढतो, मिशा हलवतो, दोन्ही पुढच्या पायांनी तोंड पुसतो आणि चाकावर चढतो. चाकाचा आवाज आला की स्वयंपाकघरातून माय हमखास म्हणते, "उठना." आवाज आला नाही तर हातातलं काम टाकून मी पिंजऱ्यापाशी जाते.

पुढे त्याच्या डोळ्यांवर सारा आला. आधी डाव्या, मग उजव्या. मधुमेहात हे होतं, माणसातही होतं. काळ्या मण्यासारखे डोळे पाणचट पांढरे झाले. पण हॅमस्टरची नजर मुळातच कच्ची. त्याचं जग नाकात आणि मिशांत असतं. म्हणून आता आमच्या घरी एक नियम आहे: पिंजऱ्यातली कोणतीही वस्तू हलवायची नाही. चाक डावीकडे, पाण्याची नळी त्याच्या बरोबर समोर, मडक्याचं अर्धं खापर उजव्या कोपऱ्यात. भुसा बदलताना जुन्यातला मूठभर कोरडा भुसा परत घालायचा, म्हणजे स्वतःचा वास त्याला सापडतो. एकदा मी पाहत होते. तो घरट्यातून निघाला, भिंतीला मिशा लावत चार पावलं चालला, थांबला, नाक उंचावलं, आणि वळून थेट नळीखाली जाऊन उभा राहिला. मागचे दोन पाय टेकवून, पुढचे दोन हवेत, गुलाबी जीभ नळीच्या गोळीवर टकटक करत. तो पाणी पीत होता, आणि तेवढा वेळ मला फार बरं वाटत होतं.

गल्लीत लोक विचारतात, "एवढ्याशा जिवासाठी एवढं?" विचारण्यात वाईट भाव नसतो. आमच्या सोसायटीत धुळे-नंदुरबार-जळगावची माणसं आहेत, राजस्थानची आहेत, ओडिशाची, उत्तर प्रदेशची आहेत; सगळी पोटासाठी सुरतेत आलेली. महिन्याचा हिशेब कसा बसवायचा हे ज्याला त्याला रोज पडलेलं असतं. शिवाय तो दिसायला उंदीर आहे. आणि सुरतेत उंदीर म्हटलं की चाळिशीपुढच्या कुणालाही एक साल आठवतं.

१९९४ च्या सप्टेंबरात मी शाळकरी होते, आम्ही तेव्हा लिंबायतला राहायचो. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रोगी सापडले होते. सुरतेत पूर ओसरला होता, रस्त्यांवर चिखल आणि मेलेली जनावरं होती, आणि वेड रोडकडून बातमी आली. दोन दिवसांत दुकानांतलं टेट्रासायक्लिन संपलं. लाखो माणसं शहर सोडून निघाली. आम्ही भुसावळच्या गाडीत कसेबसे शिरलो आणि नंदुरबारला उतरलो, तर तिथे लोक आमच्यापासून लांब उभे राहायचे. परत आल्यावर वडिलांनी पहिलं काम केलं ते भिंतीतली सगळी बिळं सिमेंटने बुजवायचं. वास्तविक सुरतेत पसरला तो फुप्फुसाचा प्लेग. तो माणसाच्या खोकल्यातून माणसाला होतो, त्याला मधे उंदीर लागत नाही. पण भीतीला चेहरा हवा असतो, आणि तो उंदराचा निघाला. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढलं, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिलं आलं. तरी मिठी खाडी भरली की लिंबायत-पर्वत पाटियाच्या सखल भागात पाणी शिरतं, आणि उंदरांच्या मुताने पसरणाऱ्या लेप्टोच्या गोळ्या आम्ही आजही पावसाळ्यात जवळ ठेवतो. तेव्हा शेजारणीने पिंजऱ्यापासून दोन पावलं मागे राहावं, यात मला राग येण्यासारखं काही दिसत नाही.

पण याच सुरतेची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी तिला सांगितली. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये इथे आला होता. शहराबाहेर बनियांनी चालवलेलं जनावरांचं रुग्णालय त्याने पाहिलं; लंगड्या, म्हाताऱ्या गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री तिथे शेवटपर्यंत पोसली जायची. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या जेम्स फोर्ब्सने 'ओरिएंटल मेमॉयर्स'मध्ये याच रुग्णालयाचं १७७२ सालचं वर्णन लिहून ठेवलं. घोडे, बैल, माकडं, कबुतरं आणि पाऊणशे वर्षं तिथे असलेलं एक कासव. आणि त्या साऱ्यांपलीकडे एक वेगळा विभाग, उंदीर, घुशी, ढेकणांसाठी. फोर्ब्सला ते फार विचित्र वाटलं. मला ते वाचून आधार वाटला. अडीचशे वर्षांपूर्वी याच तापीच्या काठी कुणीतरी सकाळी उठून उंदरांना दाणे टाकत होतं, आणि कुणीतरी त्यालाही नक्कीच विचारलं असेल. पांजरापोळ सुरतेत आजही आहे.

हॅमस्टरची बाजू तर आणखी भक्कम आहे. तो माणसाच्या घरात आला तोच माणसाच्या दुखण्यापायी. १९३० मध्ये हिब्रू विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतात खणून सोनेरी हॅमस्टरची मादी आणि तिची पिल्लं काढली. त्यांचे सहकारी सॉल ॲड्लर यांना लीशमनियाच्या अभ्यासासाठी असा प्राणी हवा होता. म्हणजे आपल्या बिहारने पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या काळ्या आजाराचंच कूळ. आज घरोघरी असलेले सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या एका बिळाचे वंशज. १९५७ मध्ये अमेरिकेत थिओडोर पक यांनी एका चिनी हॅमस्टर मादीच्या बीजांडकोशातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. त्या पेशींचा वंश आजही कारखान्यांत वाढतो आणि औषधं तयार करतो. आमच्या मागच्या गल्लीतले एक काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. त्यांच्या अंगात रक्त टिकावं म्हणून जे एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमधून बर्फाच्या पिशवीत घालून मी त्यांच्या मुलाच्या हाती देते, ते अशाच पेशींत बनतं. काकांच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या खेपेला त्याने तिळूसाठी कागदाच्या पुडीत सोललेल्या भोपळ्याच्या बिया आणल्या.

त्याच काकांनी एक दिवस प्रेमाने सल्ला दिला होता, "सुस्त दिसतोय, ॲमॉक्सिसिलिनची चिमूटभर पूड दे." हे मात्र कुणीही करू नये. पेनिसिलिनच्या जातीची औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, भलतेच माजतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. आपल्या घरातलं सर्वांत साधं औषध त्याला विष असतं. म्हणून गोळीचा तुकडा मोडून देणाऱ्या प्रत्येक हाताला मी थांबवते, माझ्या काउंटरवरच्या सवयीच्या हातालासुद्धा.

वैशाखात खरी परीक्षा असते. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. सुरतेचा उन्हाळा दमट, अंगाला चिकटणारा, आणि हा प्राणी कोरड्या थंड मुलखाचा. दुपारी त्याचा पिंजरा मोरीच्या भिंतीला लागून जमिनीवर येतो, त्यात फरशीचा एक गार तुकडा आणि ते खापर. खापर माय सकाळी पाण्यात बुडवते आणि निथळवून ठेवते. पंखा त्याच्या अंगावर येणार नाही असा वळवायचा. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री त्याने मेथीला तोंड लावलं नाही आणि कीटोनचा चौकोन जांभळट झाला. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलेलं बिनसाखरेचं क्षारांचं पाणी ड्रॉपरने, ओठाच्या कडेला, थेंब थेंब, दर थोड्या वेळाने. माय उशाशी बसून होती. मी म्हटलं, तू झोप, तुझे पाय सुजतील. ती म्हणाली, "सुजू दे." पहाटे रात्रपाळी सुटायच्या आधी त्याने भोपळ्याची एक बी दोन्ही हातांत धरून कुरतडली.

अशा रात्री मला वाटतं की त्याचं आयुष्य आपल्या कॅलेंडरने मोजणं अन्यायाचं आहे. या जातीचं आयुष्य दीड-दोन वर्षांचं. त्याचा एक महिना माणसाच्या जवळपास तीन वर्षांएवढा होतो. आम्ही त्याला आणखी दोन महिने सुखाचे मिळवून दिले, तर ते त्याच्या बाजूने पाहता केवढे असतात! एखाद्या म्हाताऱ्याला आणखी सहा वर्षं मिळाली, भूक लागणारी, चाकावर चढवणारी सहा वर्षं, तर आपण त्याला थोडं म्हणत नाही.

घरात एक वही आहे. आधी ती फक्त तिळूची होती: तारीख, वजन, पाणी, पट्टीचा रंग. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा, त्यावर रिकामी वाटी, शून्य करायचं, मग तो. काही दिवसांनी मायने स्वतःच उजव्या बाजूला रेघ मारून घेतली आणि आपली उपाशीपोटीची साखर लिहायला लागली. अक्षर मोठं, वाकडं. ती चौथीपर्यंत शिकलेली. वर्षानुवर्षं मी तिला ग्लुकोमीटर समोर आणून ठेवत होते तेव्हा ती "माले काय व्हस?" म्हणून उठून जायची. आता तिळूची पट्टी झाली की ती बोट पुढे करते. कधी तिचा आकडा लपवायचाही प्रयत्न असतो, लग्नातली जिलेबी खाल्ल्यावर विशेष; पण जागा रिकामी राहिली की दिसतं.

या वहीने माझ्या काउंटरवरही काही बदललं आहे. आमच्या भागात घरोघरी बायका साडीला लेस लावतात, खडे चिकटवतात, धागे कापतात. नगावर पैसे, म्हणून मान वर करायला वेळ नसतो. त्या दुकानात येतात आणि म्हणतात, "एक डोक्याची गोळी दे." पायांना मुंग्या येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, जखम भरत नाही, हे त्या सांगत नाहीत, सांगितलं तर एक दिवसाची मजुरी दवाखान्यात जाते. पूर्वी मी गोळी द्यायचे. आता गोळी देताना विचारते, रात्री किती वेळा उठतेस, पाणी किती लागतं, चप्पल पायातून निसटलेली कळते का. दोघीतिघींना यातून तपासायला पाठवलं. एकीची साखर साडेतीनशेच्या वर निघाली. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लेस लावून मगच आली होती.

श्रावणात कानबाई देवी बसली तेव्हा घरात नंदुरबार, शहाद्याकडचे पाहुणे होते. घर धुऊन, सारवल्यासारखं स्वच्छ केलेलं, रोटाचा गहू निवडून वेगळा ठेवलेला. एका मावशीला कोपऱ्यात पिंजरा दिसला आणि ती दचकली, देवीच्या घरात उंदीर? मी काही बोलायच्या आत माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तो उंदीर नही," ती म्हणाली, "घरना शे." विषय तिथे संपला. विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल आणि डीजे खिडकीखालून जाताना तिने पिंजऱ्यावर आपली जुनी नऊवारी चौपदरी करून टाकली, आवाज कमी लागावा म्हणून, आणि हवेसाठी एक बाजू उघडी ठेवली.

परवा आम्हाला गावी लग्नाला जायचं होतं. तिळूला एवढा प्रवास झेपायचा नाही. खालच्या मजल्यावरची राजस्थानी कुटुंबातली मुलगी, आठवीतली, स्वतःहून म्हणाली की मी बघेन. तिला संध्याकाळी वर बोलावलं. डबा, सिरिंज, पट्टी, रंगांचा तक्ता दाखवला. पाण्याच्या बाटलीवरची रेघ दाखवली. पिंजऱ्यातलं काही हलवायचं नाही हे दोनदा सांगितलं. कीटोनचा चौकोन जांभळट दिसला तर डॉक्टरांचा नंबर कुठे लिहिलाय ते दाखवलं. तिने तिळूला तळहातावर घेतलं, तो तिच्या मनगटाचा वास घेत राहिला.

"बरा कधी होणार हा?" तिने विचारलं.

"होणार नाही," मी म्हटलं.

तिने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं, वहीत उद्याची तारीख घातली आणि म्हणाली, "मेथी किती दाणे द्यायची?"